बारशानंतरचं नाव

परवाच्या शनिवारची गोष्ट. दिवाबत्ती नुकतीच झाली होती. मी कणीक मळत होते आणि आमचा धाकटा ओट्याशेजारी उभा राहून पिठानं माखलेल्या पोळपाटावर बोटानं उगीच रेघा ओढत होता. वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी. खाली गल्लीत पोरांचा नुसता कालवा चालला होता. मी विचारलं, "अरे, खेळायला नाही का गेलास?"

मान खाली घालून म्हणतो कसा, "नको. ते सगळे ए बॅचचे आहेत. मी बी बॅचचा आहे ना!"

मला आधी हसूच आलं. मग कणकेतला हात तसाच थांबला. झालं होतं ते एवढंच, की तो ज्या शिकवणीला जातो तिथं दिवाळीनंतर एक चाचणी झाली आणि मुलांचे दोन गट पाडले गेले. याला दुसरा गट मिळाला. आम्हां मोठ्यांच्या लेखी ती वेळापत्रकाची सोय. त्याच्या लेखी मात्र तो निकाल लागला होता. गणिताचा नव्हे, त्याच्या स्वतःचा! खेळाच्या मैदानावरसुद्धा तो 'बी'च होता.

त्या रात्री मला झोप लागेना. कारण दोष एकट्या शिकवणीला देऊन मोकळं होण्यासारखं नव्हतं. पंधराच दिवसांपूर्वी आमच्या वन्सं आल्या होत्या. कौतुकानं मुलांची विचारपूस करत होत्या. मी काय म्हणाले असेन? "मोठी हुशार आहे हो, तिची काळजी नाही. हा मात्र अभ्यासात जरा मागेच." आणि हे मी बोलत असताना तो पाण्याचे पेले घेऊन त्याच खोलीत आला होता. गल्लीनं जे नाव त्याला दिलं, त्यावर घराचं शिक्कामोर्तब मीच करून ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, बाराव्या दिवशी आपण बाळाला पाळण्यात घालतो, आत्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव ठेवलं जातं. त्याचा केवढा सोहळा! पण मूल सहा ते बारा वर्षांचं होईपर्यंत त्याला आणखी एक नाव मिळतं. ते कुठल्या पत्रिकेत छापलं जात नाही. 'ढ', 'हुशार', 'रडका', 'आगाऊ', 'घाबरट', 'समजूतदार'. हे नाव ठेवायला घरची माणसं असतात तशीच वर्गातली आणि गल्लीतली पोरंही असतात. आपल्या भाषेत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यांत एका अनुस्वाराचंच काय ते अंतर आहे, आणि आपण बायका घाईगर्दीत ते कधी ओलांडतो ते आपल्यालाच कळत नाही.

सहा ते बारा : दुर्लक्षित वय

आपण आया मुलांच्या दोन वयांची फार काळजी करतो. एक अगदी लहानपणाची, म्हणजे लस, दात, बोलणं, चालणं. दुसरी वयात येतानाची. मधली सहा वर्षं कशी, तर 'शाळेत जातंय, जेवतंय, खेळतंय, ठीक आहे.' पण 'मी कोण?' या प्रश्नाचं पहिलं उत्तर मूल याच वर्षांत लिहून काढतं.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली मुलांच्या वाढीवर एक गाजलेलं पुस्तक लिहिलं. माणसाच्या आयुष्याचे त्यानं आठ टप्पे मांडले आणि प्रत्येक टप्प्यावर मनात एक झगडा चालतो असं सांगितलं. शाळकरी वयातला झगडा कोणता? एका बाजूला 'मला काहीतरी करता येतं' ही उमेद आणि दुसऱ्या बाजूला 'मी इतरांपेक्षा कमी आहे' ही भावना. यांतलं जे पारडं जड होईल, त्याची सावली पुढच्या टप्प्यांवर पडते.

याचा पडताळा मला शाळेत रोज येतो. मी लातूरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पहिलीच्या वर्गात विचारा, "सगळ्यांत जोरात कोण पळतं?" चाळीसच्या चाळीस हात वर! ज्याच्या पायात चप्पलसुद्धा धड नाही तोही "बाई मी, बाई मी" करून उभा राहतो. हाच प्रश्न चौथीत विचारा. हात एकही वर जात नाही. सगळ्यांची बोटं एकाच मुलाकडे वळतात. सात-आठ वर्षांच्या आसपास मुलांना तुलना करता येऊ लागते. मी किती चांगला, हे आता आईच्या पापीवरून ठरत नाही, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे बघून ठरतं. ही वाढीचीच खूण आहे, तिला घाबरायचं कारण नाही. पण याच वयात आपण मोठी माणसंही तुलनेचा तराजू घेऊन बसलो, तर मुलानं जायचं कुठं?

'भूकंपवाली'

माझं माहेर नांदेडचं. मी दुसरीत असताना, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपती बोळवून लोक दमून निजले होते. दगडमातीची जड घरं झोपेतच अंगावर आली. लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली.

दिवाळीनंतर आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली. ती त्या भागातली. आई-वडील गेलेले, म्हणून मामानं नांदेडला आणलेली. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण आठवड्याभरात वर्गानं तिचं नाव 'भूकंपवाली' करून टाकलं. आम्ही काही दुष्ट नव्हतो. कुणी तिला चिडवण्यासाठी तसं म्हणत नव्हतं. उलट बाई तिला पुढच्या बाकावर बसवायच्या, मुली तिला पेरू द्यायच्या. पण पेरू देतानाही "ए, त्या भूकंपवालीला दे" असंच म्हणायच्या. ती कुणाशी बोलत नसे. कशाला बोलेल? सगळ्या वर्गाला तिच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, आणि नेमकी तीच तिला विसरायची होती.

एकदा मी तिला घरी घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "आई, ही बघ भूकंपवाली!" आईनं मला नुसतं डोळ्यांनी दटावलं. तिला जवळ घेऊन तिचं नाव विचारलं, आणि मग स्वयंपाकघरात नेऊन म्हणाली, "धपाटं थापता येतं का गं तुला?" ती म्हणाली, "येतं." आठ वर्षांच्या त्या पोरीनं ओल्या फडक्यावर असं काही गोल धपाटं थापलं, की मी बघतच राहिले. मला तर साधी कणीकसुद्धा भिजवता येत नव्हती. दुसऱ्या दिवशी मीच वर्गभर सांगत सुटले. हळूहळू लंगडीतही ती सगळ्यांना भारी पडते हे कळलं. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत 'भूकंपवाली' मागं पडून ती 'लंगडीवाली' झाली होती, आणि पाचवीत तर फक्त तिच्या नावाची ती उरली होती.

त्याच सुमारास भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे बाराशे मुलांना शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेलं होतं. मोठेपणी ते वाचताना माझ्या मनात आलं, तिथं शेजारी झोपणारं पोरही त्याच भागातलं. तिथं कुणी कुणाला 'भूकंपवाली' म्हणून काय वेगळं सांगणार? नावाला धार येते ती आजूबाजूच्या सोबतीमुळं.

आईनं त्या दिवशी काही उपदेश केला नाही. मुलीचं दुःखही तिनं नाकारलं नाही. तिनं फक्त त्या मुलीबद्दलची दुसरी एक गोष्ट शोधून काढली आणि ती माझ्या हाती दिली. घर आणि सोबती दोघं मिळून मुलाला कसं घडवतात, याचा याहून सोपा धडा मला बी.ए.च्या मानसशास्त्राच्या पेपरातही मिळाला नाही.

पॅटर्नच्या गावात

लग्न होऊन मी लातूरला आले. लातूर म्हटलं की 'पॅटर्न' हा शब्द आलाच. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं. त्याचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे पुढं १९९४ साली आमच्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मागासलेला म्हणून हिणवला जाणारा मराठवाडा गुणवत्ता यादीत झळकू लागला, खेड्यापाड्यांतली शेतकऱ्याची मुलं डॉक्टर-इंजिनिअर झाली, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मी तिला नावं ठेवणार नाही.

पण तो पॅटर्न होता अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपण कशासाठी जागतो आहोत हे ठाऊक असतं. आता तेच वारं चौथी-पाचवीपर्यंत उतरलं आहे. नवोदयची परीक्षा पाचवीत, म्हणून तयारी चौथीत. शिष्यवृत्ती आहेच. शिवाय 'पाया पक्का हवा' म्हणून आणखी एक शिकवणी. लातूरच्या उद्योग भवन भागात जा, नाहीतर नांदेडच्या श्यामनगरात जा. मोठ्या मुलांच्या सायकलींच्या गर्दीत पाठीवर दप्तर घेतलेली एवढीएवढीशी पोरंही दिसतील. परीक्षेला बसवू नका असं मी म्हणत नाही, मीही बसवणार आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला विचारलं, "तू कोण रे?" आणि त्यानं टक्केवारी सांगितली, तर कुठंतरी चुकलं आहे हे आपण ओळखावं.

सोबत्यांची शाळा

मित्रमैत्रिणी म्हणजे अभ्यासातला अडथळा, असं अनेक घरांत समजतात. प्रत्यक्षात या वयात मुलं जे सोबत्यांकडून शिकतात, ते आपल्याला शिकवताच येत नाही. डाव कुणावर आला, 'टाइम प्लीज' कधी घ्यायचं, चोंबडेपणा कशाला म्हणतात, रुसलेल्याला परत कसं बोलवायचं, हे सगळे कायदे पोरं स्वतः करतात आणि पाळतात. ज्युडिथ रिच हॅरिस या अमेरिकन लेखिकेनं तर १९९८ साली आपल्या पुस्तकात असं मांडलं, की मुलाचा स्वभाव घडण्यात आईबापांपेक्षा सोबत्यांचा वाटा मोठा. त्यावर खूप वाद झाला. पण निदान बोलण्याच्या बाबतीत तरी सोबती घरावर मात करतात, हे आपण रोज ऐकतो.

आमच्याकडचंच बघा. नांदेड-लातूरच्या घरांत "काय करूलालास?", "कुठं जाऊलालीस?" असं बोलतात. माझी मोठी मुलगी पाचवीत गेली आणि एक दिवस मला म्हणाली, "आई, माझ्या मैत्रिणींसमोर 'करूलालास' म्हणू नको ना." मला वाईट वाटलं, सासूबाईंना तर रागच आला. "माझ्या बोलण्याची लाज वाटूलाली का गं तुला?" पण जरा विचार केल्यावर वाटलं, पोरगी आजीला टाकत नाहीये, मैत्रिणींत सामावू बघते आहे. आपल्या भागात तरी एकाच भाषेत कोण राहतं? उदगीर-निलंग्याकडे कानडी कानावर पडते, देगलूर-धर्माबादकडे तेलुगू, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी आणि दखनी हिंदी. मूल गल्लीत एक बोलतं, घरात दुसरं बोलतं आणि दोन्हींत रमतं. आम्ही तिला एवढंच सांगितलं, "मैत्रिणींशी तुला हवं तसं बोल. आज्जीशी मात्र आज्जीच्याच भाषेत." आता ती आजीजवळ बसली की बिनघोर 'करूलालाव' म्हणते.

सोबत्यांची दुसरी बाजूही आहे. 'आम्ही' तयार झाले की 'ते' आपोआप तयार होतात. १९५४ साली अमेरिकेत मुझफ्फर शेरीफ या संशोधकानं अकरा-बारा वर्षांच्या बावीस मुलांना सुट्टीच्या शिबिराला नेऊन त्यांचे दोन गट पाडले. मुलं चांगल्या घरची, निरोगी, एकमेकांना अनोळखी. गटांत स्पर्धा लावताच काही दिवसांत शिवीगाळ, झेंडे जाळणं, खोल्यांवर हल्ले इथपर्यंत मजल गेली. त्यांना एकत्र जेवायला बसवून, सिनेमा दाखवून भांडण मिटेना. मग शिबिराचं पाणी बंद पडलं, खरं तर पाडलं गेलं, आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला. अशी दोन-चार कामं एकत्र केल्यावर तीच मुलं मैत्रीनं घरी परतली.

हे मी वाचलं तेव्हा मला आमचा २०१६ चा उन्हाळा आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं ते वर्ष. माझी मोठी तेव्हा कडेवर होती. पुढच्या आणि मागच्या गल्लीतल्या पोरांचं एरवी क्रिकेटवरून हाडवैर. पण टँकर आला, की नंबर धरायला, नळी ओढायला, म्हाताऱ्यांच्या घागरी उचलायला ती पोरं खांद्याला खांदा लावून उभी राहत. कुणी त्यांना एकीवर भाषण दिलं नव्हतं. काम सगळ्यांचं होतं आणि प्रत्येक हाताची गरज होती.

आपल्या हाती काय?

मुलाचे मित्र आपल्याला निवडता येत नाहीत, आणि निवडूही नयेत. पण काही गोष्टी नक्की आपल्या हातात आहेत.

पहिली गोष्ट, मुलादेखत त्याच्याबद्दल निकाल देऊ नका. 'तू आळशी आहेस' आणि 'आज तू दप्तर भरलं नाहीस' यांत फरक आहे. पहिलं त्याचं नाव होऊन बसतं, दुसरं उद्या सुधारता येतं. कौतुकाचंही तसंच. 'आमची मोठी म्हणजे फार समजूतदार' असं दहा वेळा म्हटलं, की ती पोरगी रडायचीसुद्धा चोरी होते.

दुसरी, भावंडांची वाटणी करू नका. एक हुशार, एक खेळकर, एक सुंदर अशी खाती घरात उघडली, की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं खातं आपल्यासाठी बंद.

तिसरी, मुलाला घरात खरं काम द्या. खोटं, लुटुपुटीचं नको. ज्याच्यावाचून घर अडेल असं द्या. नळाच्या पाण्याची वेळ सांभाळणं, किराण्याची यादी करून बिल तपासणं, आजोबांच्या गोळ्यांची आठवण करणं. मुलगा असो की मुलगी. 'मला काहीतरी करता येतं' हे मुलाला शब्दांनी पटत नाही, हातांनी पटतं.

चौथी, घराचं दार उघडं ठेवा. मुलाचे सोबती तुमच्या घरी येऊन मुरमुऱ्याचा चिवडा खाऊ देत. सांडतील, पसारा करतील. पण अर्ध्या तासात तुम्हांला कळेल, तुमचं मूल त्यांच्यात कोण आहे, कुणाला घाबरतं, कुणावर दादागिरी करतं. हो, तेही बघायला हवं. आपलं मूल दुसऱ्याला काय नावानं हाक मारतं हे किती जणी विचारतात?

पाचवी, चिडवणं आणि छळणं यांतला फरक ओळखा. ज्या नावावर मूल स्वतःही हसतं, त्याची चिंता नको. पण शाळेच्या वेळेला नेमकं पोट दुखतं, वस्तू हरवायला लागतात, खेळायला जाणं थांबतं, झोप उडते, तेव्हा थांबून शांतपणे विचारा. जातीवरून, रंगावरून, अंगकाठीवरून किंवा व्यंगावरून नाव पडलं असेल, तर 'पोरंच आहेत' म्हणून सोडू नका, वर्गशिक्षकांना भेटा. आणि मोठ्या माणसाकडूनच तसं होत असेल, तर शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात, सतराव्या कलमात, मुलाला मारण्याला आणि त्याच्या मानसिक छळाला स्पष्ट मनाई आहे, हे ध्यानात असू द्या.

आणि आमचा 'बी'वाला?

मी शिकवणीच्या सरांना जाऊन भेटले. त्यांनी ऐकून घेतलं. गट मात्र तसेच राहिले, त्यांचीही अडचण असते. मग घरात जेवढं करता येईल तेवढं करायचं ठरवलं. वन्संना फोन लावला आणि तो शेजारी बसलेला असताना म्हटलं, "त्या दिवशी मी याच्याबद्दल बोलले ना, ते चुकीचं बोलले." आईनं चूक कबूल करायची, हे त्याला नवीन होतं. कितीतरी वेळ तो माझ्याकडे बघत राहिला.

किराण्याचा हिशेब आता त्याच्याकडे आहे. पहिल्याच महिन्यात त्यानं बिलातली अठरा रुपयांची चूक काढली आणि एकटा दुकानात जाऊन पैसे परत आणले. आमचे हे म्हणाले, "बरं झालं, आता तुझ्यावरही नजर राहील." परवा ए बॅचचा एक मुलगा सायकलची चेन बसवून घ्यायला आमच्याकडे आला. दोघं तासभर अंगणात बसून हात काळे करत होते. तिसऱ्या दिवशी धाकटा न सांगता खेळायला गेला. गणितात तो अजून कच्चाच आहे, आणि अधूनमधून 'मी बी बॅचचा' असं म्हणतोही. पण आता ते त्याच्या शिकवणीचं नाव आहे, त्याचं नाही. निदान मला तरी तसं वाटतं.

तुम्हीही आज रात्री जेवणं आटोपली, की मुलाशेजारी जरा टेका आणि सहज विचारा, "तुझे मित्र तुला काय म्हणून हाक मारतात रे?" उत्तर ऐकून लगेच उपदेश करू नका. आधी मनातल्या मनात आठवा, आपण त्याला कोणत्या नावानं हाक मारतो. बारशाच्या दिवशी ते नाव किती जपून, किती जणांना विचारून ठेवलं होतं! तेवढीच काळजी या दुसऱ्या नावाचीही घ्यायला हवी.